भार कोणी घ्यायचा, झीज कोणी सोसायची

(तिवसा येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या विज्ञानाच्या वर्गात मी बसलो आहे. एका सकाळी त्यांनी टेबलावर वखराच्या दोन पासा, म्हणजे मातीत चालणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणून ठेवल्या. एक झिजून झिजून पात्यासारखी पातळ झालेली. दुसरी जवळजवळ नवी, पण मधोमध तुटलेली. ते म्हणाले, "ही झिजली, पण तुटली नाही. ती तुटली, पण झिजली नव्हती. दोघींचं दुखणं एकच आहे का?" त्या दिवशी वर्गात कोणालाच उत्तर देता आलं नाही. मी पुढे आयुष्यभर ज्या विषयात काम केलं, तो विषय म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधणंच होतं.

लोहाराला ते उत्तर हातानं ठाऊक असतं. पासेला पाणी देताना ते जास्त चढलं तर धार टिकते, पण दगडावर आदळली की पास तुकडा टाकते. पाणी कमी दिलं तर ती वाकेल, तुटणार नाही, पण दोन हंगामांत घासून जाईल. तुटणं आणि झिजणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकावरचं औषध दुसऱ्याला वाढवूही शकतं. आज मला इपॉक्सी नावाच्या राळेत धागे घालून जे संमिश्र साहित्य बनतं, त्याच्याबद्दल बोलायचं आहे. त्याच्या बाबतीत ही गोष्ट लोखंडापेक्षाही जास्त खरी आहे.

इपॉक्सी तुमच्या घरात आहे. टाकी गळायला लागली की आपण एम-सीलचे दोन गोळे एकत्र मळून लावतो. ती भुकटी घातलेली इपॉक्सीच. दोन नळ्यांमधून येणारा अरल्डाइट हीदेखील तीच जात. स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ प्येर कास्तां हे दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत असताना १९३०च्या दशकाच्या अखेरीस या राळेपर्यंत पोचले. १९४६ साली सीबा कंपनीनं अरल्डाइट बाजारात आणला. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं जी राळ वापरतात, ती बहुतेक वेळा एलवाय ५५६, आणि तिच्यात वजनानं शंभराला दहा या प्रमाणात एचवाय ९५१ हा हार्डनर. मिसळलं की रेणू एकमेकांत गुंततात, उष्णता बाहेर पडते आणि पातळ मधासारखी राळ दगडासारखी होते. एकदा झाली की पुन्हा वितळत नाही.

एकटी राळ फारशी बळकट नसते. ताणून तोडायला साधारण ५० ते ८५ मेगापास्कल लागतात. काचेचा बारीक ताजा धागा मात्र ३,००० मेगापास्कलच्याही वर जातो. पण धाग्याला आकार नाही. तो ताण सोसतो, दाब सोसत नाही, आणि एक ओरखडा पडला की तुटतो. राळ त्याला जागेवर धरते, ओरखड्यापासून जपते, आणि एक धागा तुटला तर त्याचा भार शेजारच्या धाग्यांकडे पोचवते. यात परकं काही नाही. आपल्या आज्यांनी भिंतीच्या मातीत कुटार कालवलं ते याचसाठी. नुसती माती वाळताना तडकते, कुटार तडा पसरू देत नाही.

आता थोडं गणित करू. अवघड नाही. समजा, एका पट्टीत निम्मा भाग काचेचे धागे आणि निम्मा भाग राळ आहे, आणि सगळे धागे एकाच दिशेनं आहेत. काचेचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल, राळेचा सुमारे ३. धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर दोघांची सरासरी, म्हणजे साडेसदतीस. तीच पट्टी आडवी ओढली तर ताठरपणा पावणेसहाच्या आसपास येतो. पट्टी तीच, राळ तीच, धागे तेच, फक्त दिशा बदलली आणि ताठरपणा साडेसहापट घटला. लोखंडाच्या पट्टीला असं काही नसतं. म्हणून कोणी तुम्हाला नुसतं "फायबरचं आहे, लोखंडासारखं मजबूत आहे" असं सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या दिशेनं? दुसरी गोष्ट वजनाची. या पट्टीची घनता दोनच्याही आत, पोलादाची ७.८५. म्हणजे वजन पाव हिश्शाचं. तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनातला ४५ टक्के भाग अशा संमिश्रांचा आहे, तो याच कारणानं. विमानात कार्बनचे धागे असतात. ते काचेपेक्षा हलके आणि तिपटीनं ताठर.

ताण, वाक आणि आघात यांच्या चाचण्या आता आपल्याकडे रोजच्या झाल्या आहेत. पट्टी यंत्रात धरून ओढायची, दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबायची, लंबकाचा घाव घालून किती ऊर्जा खाल्ली ते बघायचं. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १९६४ साली झाली. तेव्हापासून आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी अशी यंत्रं हाताळली आहेत. त्यांच्या प्रकल्पांच्या वह्यांत बळाचे आकडे असतात. झिजेचे आकडे फार थोड्या वह्यांत मिळतात, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

झीज मोजणं अवघड नाही. पोलादाच्या फिरत्या तबकडीवर नमुन्याची एक खुंटी ठरावीक भारानं टेकवायची, ठरावीक अंतर घासू द्यायची, आणि आधी व नंतर वजन करायचं. समजा, २० न्यूटन भारानं २,००० मीटर घासल्यावर १२ मिलिग्रॅम कमी झाले आणि नमुन्याची घनता १.८ आहे. तर साधारण ६.७ घनमिलिमीटर साहित्य गेलं. भार आणि अंतर यांच्या गुणाकारानं, म्हणजे ४०,०००नं, भागलं की दर न्यूटनला, दर मीटरला एका घनमिलिमीटरचा सहा हजारावा भाग जातो असं कळतं. हा एक आकडा हातात आला की दोन साहित्यांची तुलना करता येते. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेला नियमही एवढंच सांगतो: भार वाढला, अंतर वाढलं की झीज वाढते, कठीणपणा वाढला की कमी होते. घर्षण आणि झीज यांच्या अभ्यासाला ट्रायबॉलॉजी हे नाव १९६६ साली ब्रिटनमधल्या पीटर जोस्ट यांच्या अहवालातून मिळालं. शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ घासणं.

आर्चर्डचा नियम धातूंना बऱ्यापैकी लागू पडतो. संमिश्रांत मात्र तो एकटा पुरत नाही, कारण तिथे कठीण काय आणि मऊ काय, हेच एका जागी ठरलेलं नसतं. वाळूचा कण आधी राळ खरवडतो. धागा उघडा पडतो. मग धागा वाकतो, तुटतो, उपसून निघतो. निघालेला काचेचा तुकडा पुन्हा त्याच दोन पृष्ठांमध्ये अडकून वाळूचंच काम करतो. राळेसारख्या बहुलकांसाठी रॅटनर आणि लँकेस्टर यांच्या नावानं ओळखला जाणारा एक संबंध आहे. खरवडून होणारी झीज ही तुटण्याच्या वेळचं बळ आणि तुटेपर्यंतचं लांबणं, या दोघांच्या गुणाकाराच्या उलट्या प्रमाणात असते. धागे घातले की बळ वाढतं, पण लांबणं घटतं. गुणाकार वाढेलच असं नाही. म्हणून अनेक प्रयोगांत असं दिसलं आहे की वाळूवर घासताना धागे घातलेलं साहित्य नुसत्या राळेपेक्षा जास्त झिजतं. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक जयश्री बिजवे यांनी बहुलक संमिश्रांच्या झिजेवर आणि ब्रेकच्या साहित्यावर प्रदीर्घ काम केलं. या क्षेत्रात काम करायची इच्छा असलेल्या मुलींनी आणि मुलांनी ते वाचावं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, नुकसान करून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी सोयाबीनच्या मळणी यंत्रात दाणे घसरत येतात त्या पन्हाळीला काच-इपॉक्सीचा पत्रा बसवला. प्रयोगशाळेत त्या पत्र्याचं बळ आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त भरलं होतं. आम्ही शेतकऱ्याला खात्रीनं सांगितलं की गंजणार नाही आणि वाकणार नाही. तो गंजला नाही आणि वाकलाही नाही. पण हंगाम संपता संपता त्याच्या पृष्ठावर अंगावर लव उठावी तसे काचेचे धागे उभे राहिले होते. दाण्याबरोबर येणाऱ्या मातीनं राळ खाल्ली होती. ते धागे धान्यात जाऊ शकतात, हे लक्षात आलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. आम्ही यंत्र थांबवलं, पत्रा काढला, आणि साध्या पत्र्यावर जाड रबराचा थर लावून दिला. त्या रबराचं बळ आमच्या पत्र्यापेक्षा कितीतरी कमी होतं. पण ते टिकलं.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. भार सोसणारा भाग आणि झीज सोसणारा भाग वेगळे ठेवा.

बैलगाडीच्या चाकात हेच आहे. तुंबा, आरे, पाट हे बाभळीचे, भार त्यांच्यावर. रस्त्याशी घासते ती लोखंडाची धाव. धाव झिजली की लोहार नवी चढवतो, चाक तेच राहतं. टायर घ्या. आतले धागे हवेचा दाब आणि गाडीचा भार घेतात, रस्त्याला टेकतं ते काजळी मिसळलेलं रबर. आपल्या बापाच्या पिढीनं टायरच्या चपला घालून मुरूम तुडवला तो त्या रबराच्या जिवावर. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहा. त्यांची पाती काच आणि राळ यांची. ती वाऱ्याचा जोर वर्षानुवर्षं पेलतात. पण मोठ्या पात्याचं टोक सेकंदाला ८० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे पळतं. त्या वेगात पावसाचा थेंब छिन्नीसारखा लागतो. पात्याची पुढची कड खरवडली जाते आणि वीज कमी मिळते. म्हणून त्या कडेवर पॉलियुरेथेनचा मऊ, लवचिक थर देतात. बलवान पात्याला मऊ साहित्य वाचवतं.

आता रेच्याकडे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राकडे, वळतो, कारण आपल्या भागात घासण्याचं सगळ्यांत मोठं शास्त्र जिनिंगमध्ये आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, आणि १८६१ ते ६५च्या अमेरिकन यादवीत आपल्या कापसाला एकदम भाव आला. त्यानंतर इथे जे रेचे आले, त्यांची मूळ रचना अमेरिकेतल्या मॅकार्थीनं १८४० साली केलेली. फिरत्या रोलरच्या पृष्ठाला कापसाचे तंतू चिकटतात, स्थिर सुरीखाली ओढले जातात, सरकी मात्र सुरीत अडते आणि हलती सुरी तिला ठोकून पाडते. म्हणजे रोलरला घर्षण हवंच. घर्षण नसेल तर तंतू ओढला जाणार नाही. पण झीज नको. पंपाच्या बुशला घर्षण कमी हवं आणि झीजही कमी. रेच्याला घर्षण जास्त हवं आणि झीज कमी. घर्षण आणि झीज एकच, असं समजणाऱ्यानं एकदा जिनमध्ये उभं राहून बघावं.

हा रोलर पिढ्यानपिढ्या चामड्याच्या चकत्या एकावर एक घट्ट दाबून बनवला गेला. चामडं क्रोमनं कमावलेलं. ते घासतं, त्याची भुकटी हवेत जाते, रुईत जाते, मजुराच्या छातीत जाते. रोलर गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. नागपूरला केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे चामड्याऐवजी रबर चढवलेल्या सुती कापडाच्या चकत्यांवर काम झालं. सुती कापड भार घेतं, रबर पकडही देतं आणि झिजतंही सावकाश. मला हे फार मोलाचं वाटतं. कापूस सोलायला कापसाचंच कापड, आणि क्रोमची भुकटी नाही.

मग इपॉक्सीचं आपल्याकडे काय? नांदगाव पेठचं औष्णिक केंद्र इथून फार लांब नाही. अकोल्याकडे पारसचं आहे. दोन्हीकडे कोळशाची राख निघते. ही उडती राख भिंगातून पाहिली तर बारीक, गोल मण्यांची असते. त्यात बहुतांश सिलिका आणि अॅल्युमिना. इपॉक्सीत थोडी घातली तर साहित्य ताठर आणि कठीण होतं, स्वस्त होतं, आणि बऱ्याच प्रयोगांत झीजही कमी होते. पण प्रमाण वाढवत नेलं तर राळ सगळ्या कणांना नीट धरू शकत नाही. ताण सोसण्याचं बळ पडतं, आघात सोसणं पडतं, आणि सुटलेले कण स्वतःच घासायला लागतात. ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉनची भुकटी घातली तर समोरच्या पोलादावर पातळ थर बसतो आणि घर्षण उतरतं, बळ मात्र थोडं जातं. यातलं प्रत्येक मिश्रण कोणत्या कामासाठी आहे, ते आधी ठरवावं लागतं. सगळ्या कामांना एकच उत्तम मिश्रण असं नसतं.

धाग्यांचंही तसंच. अंबाडी आपल्या नाल्यांत सडवून तिचे दोर वळले जात. पऱ्हाटीच्या सालीतही धागा आहे, आणि पऱ्हाटी तर हेक्टरी दोन-तीन टन निघते नि पुष्कळशी जाळली जाते. पऱ्हाटीच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित झालेलं आहे. हे धागे काचेपेक्षा हलके, कातडीला न खाजवणारे. पण त्यांना पाणी आवडतं आणि इपॉक्सीला नाही. दोघांची गट्टी नीट जमत नाही. धागा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून, धुऊन, वाळवून घेतला तर पकड सुधारते. माझं मत स्पष्ट आहे: दाराचं पॅनेल, पेटी, आडोसा यांसाठी अंबाडी आणि पऱ्हाटी जरूर वापरा. माती घासणाऱ्या जागी उघडी वापरू नका.

आणखी एक धोक्याची सूचना, खास आपल्या उन्हाची. खोलीच्या तापमानालाच कडक होऊ दिलेली राळ, नंतर भट्टीत तापवली नसेल तर, ६० ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५च्या वर जातो. उन्हातल्या काळ्या पत्र्याला हात लावून बघा, म्हणजे त्या अंशांपासून आपण किती जवळ असतो ते कळेल. शिवाय ऊन इपॉक्सीला पिवळं करून तिच्या पृष्ठाची भुकटी करतं. वरून रंग किंवा थर हवाच. आणि हे काम करणाऱ्या मुलांनी हातमोजे घालावेत आणि तोंडाला मास्क लावावा. हार्डनरनं कातडी चरते, आणि काचेची धूळ श्वासात जाता कामा नये.

शेवटचा मुद्दा वाळूचा आहे. खरवडण्याच्या झिजेची जगभर मान्य असलेली एक चाचणी आहे. रबराचं चाक फिरतं आणि त्याच्या व नमुन्याच्या मधून कोरडी वाळू सोडतात. ती वाळू ठरलेली असते: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावची, गोल कणांची, चाळलेली. जगात कुठेही केलेली चाचणी एकमेकींशी ताडता यावी, म्हणून ते योग्यच आहे. पण कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रात उतरा आणि मूठभर वाळू हातात घ्या. ती तशी नाही. तिच्यात गारगोटीचे तुकडे आहेत, काळ्या दगडाचा चुरा आहे, कोपरे आहेत. मोर्शी-वरूडच्या संत्र्यांच्या बागांत बोअरमधून जो कच वर येतो आणि पंपाचे इम्पेलर खातो, तोही वेगळा. काळ्या मातीचा चिखल वेगळा, मुरूम वेगळा. आपली यंत्रं यांच्यात झिजतात.

म्हणून इथे बसलेल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. प्रमाणित चाचणी करा, तिच्याशिवाय तुमचा आकडा कोणी मानणार नाही. पण तिच्या शेजारी दुसरी चाचणी करा: वर्धेच्या वाळूवर, मुरमावर, बोअरच्या कचावर. कुठून आणली, कितपत चाळली, किती ओली होती, ते लिहा. जिनमध्ये जा, रोलरची जाडी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजा. शेतकऱ्याच्या घरी जा, नवी पास वखराला चढण्याआधी वजन करा, किती एकर वखरले ते विचारा, आणि काढल्यावर पुन्हा वजन करा. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. किराणा दुकानातला चांगला काटाही चालेल.

आणि शेतकरी बंधूंना विनंती: झिजलेली पास, घासलेला बुश, खाल्लेला इम्पेलर भंगारात टाकण्याआधी मुलांना दाखवा. किती दिवस चालला ते आठवून सांगा. गुरुजींच्या त्या दोन पासा त्यांच्या शाळेच्या कपाटात अजून आहेत. पुढच्या वर्षी व्याख्यानाला येताना प्रत्येकानं अशी एक वस्तू, तिच्या दोन वजनांसह, घेऊन यावी.